सबब, वेताळ श्रेष्ठ

लग्नाच्या मांडवात सरबताचा ट्रे फिरू लागला की आमचे आप्पा वाढणाऱ्या पोराला थांबवतात आणि खर्जात विचारतात, "दूध आहे?" पोरगं बावचळतं. म्हाताऱ्याला पित्ताचा त्रास असेल, असं त्याला वाटतं. पित्त वगैरे काही नाही. बंदरावरच्या गुत्त्यात, दारू प्यायलेल्या खलाशांच्या गर्दीत वेताळ शिरतो, टेबलावर कोपर टेकवतो आणि दूध मागतो. कोणी हसलं की त्याच्या जबड्यावर कवटीचा शिक्का उमटतो. आप्पांच्या बाबतीत यातलं दूध मागणं आणि लोकांचं हसणं एवढंच घडतं.

आप्पा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. वय शहात्तर, मुक्काम सातारा. स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यात त्यांनी उभी नोकरी काढली. गावोगावच्या पंचायतींची दप्तरं सोडवून बसायचं आणि विहिरीचा गाळ काढल्याचं बिल त्या विहिरीच्या आधीच्या तारखेचं आहे, असलं काहीतरी शोधून काढायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी नजर गेलेली नाही. आत्यानं वाण्याकडून आणलेली यादी ते अजून लाल पेनानं तपासतात. आयुष्यात एकाही माणसावर त्यांनी पावतीशिवाय विश्वास टाकला नाही. अपवाद एकच, वेताळ.

इंद्रजाल कॉमिक्स ज्यांनी वाचली त्यांना वेताळाची ओळख करून द्यायला नको. ज्यांनी वाचली नाहीत त्यांना आप्पा करून देतात, आणि ती पाऊण तासाच्या आत संपत नाही. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाचा हा 'फँटम' १९३६ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत अवतरला. मुंबईहून इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं, ६० पैशांना, आणि सुरुवातीचे ३२ अंक वेताळाचेच निघाले. आपल्याकडं त्याचं नाव वेताळ ठेवणाऱ्या माणसाचा सत्कार झाला पाहिजे, असं आप्पांचं मत आहे. भुतांचा राजा, वर गावाच्या शिवेचा राखणदार. कोकणात आणि गोव्यात ज्याला नारळ दिल्याशिवाय कामाला हात लावत नाहीत तो. डेंकालीच्या जंगलातल्या त्या घोडेस्वाराला हे नाव असं चपखल बसलं, की तो अमेरिकेत जन्मला हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरही पटलं नाही.

आता दुसरी बाजू. धाकट्या आत्याचे यजमान दादासाहेब, म्हणजे आप्पांचे साडू. धंदा मंडप, लाइट आणि गणपतीचे देखावे. मिशी पेन्सिलीनं ओढल्यासारखी. मे महिन्यातल्या साखरपुड्याला काळा कोट घालून येणारा आमच्या नात्यातला हा एकमेव माणूस. बोलताना उजव्या हाताची बोटं हवेत अशी काही सोडतात, की समोरचा नकळत मागं सरकतो. दादासाहेब मँड्रेकवाले आहेत, हे वेगळं सांगायला नको.

मँड्रेक जादूगार. उंच टोपी, झूल, चापून बसवलेले केस. तो कोणाला उचलून आपटत नाही, घाम गाळत नाही. नुसता हातवारा करतो, आणि बदमाशाला हातातल्या पिस्तुलाचा साप झालेला दिसतो. ठोसे मारायची वेळ आलीच तर ते काम लोथारकडं. तो सात जमातींचा राजपुत्र आणि जगातला सर्वांत ताकदवान माणूस.

"जबडे फोडायला काय, कोणीही फोडेल," दादासाहेब म्हणतात. "समोरच्याला जे दाखवाल तेच त्याला खरं वाटलं पाहिजे. ती कला. मांडवामागची बांबू-सुतळी कोण बघतं?"

"मी," आप्पा म्हणतात.

हा वाद १९७८ च्या दिवाळीत कोरेगावजवळच्या आमच्या घरी सुरू झाला. धाकट्या जावयाचा तो दिवाळसण होता आणि थोरले जावई अर्थातच हजर होते. ओटीवर माझ्या वडिलांचा, म्हणजे या दोघांच्या मेहुण्याचा, इंद्रजालचा गठ्ठा पडलेला. सासुरवाडीत जावयाला दुसरं काम नसतं. आप्पांनी वरचा अंक उचलला, दादासाहेबांनी खालचा. फराळाचं ताट येईपर्यंत दोघांत ठिणगी पडली होती. आमचे आजोबा, हेडमास्तर अण्णा, झोपाळ्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेले. दोघंही अधूनमधून त्या वर्तमानपत्राकडं बघायचे. शेवटी कोणीतरी विचारलंच, "अण्णा, तुम्ही सांगा. कोण सरस?" वर्तमानपत्र न हलवता अण्णा म्हणाले, "दोघंही आपापल्या जागी ठीक आहेत."

पुढची वीस वर्षं प्रत्येक दिवाळीत हा प्रश्न पडला आणि प्रत्येक दिवाळीत हेच उत्तर मिळालं.

अण्णा गेले, इंद्रजाल १९९० सालीच बंद पडलं होतं, वाद चालू राहिला. आता तो दर रविवारी सकाळी आप्पांच्या व्हरांड्यात भरतो. आप्पांनी त्यासाठी जाड पुठ्ठ्याची वही घातली आहे. तिच्यात परिच्छेद क्रमांक, आक्षेप, अनुपालन आणि शेरा असे चार रकाने आखले आहेत. मँड्रेकवर आजवर चाळीस परिच्छेद निघाले असून एकाचंही समाधानकारक अनुपालन झालेलं नाही.

परिच्छेद एक असा आहे: "सदर इसम हातवारे करून पिस्तुलाचा साप करतो. प्रत्यक्षात पिस्तूल हे पिस्तूलच राहते. सबब, नोंदवही व प्रत्यक्ष साठा यांत तफावत."

"अहो, पण चोर पळाला ना?" दादासाहेब.

"चोर पळाला. पिस्तूल कुठं जमा केलं?"

यावर दादासाहेब काही बोलत नाहीत. बोटं हवेत सोडतात. आप्पा म्हणतात, "माझ्यावर चालत नाही ते."

खरं सांगायचं तर आप्पा वेताळाच्या प्रेमात पडले ते त्याच्या दप्तरामुळं. १५३६ साली समुद्री चाच्यांनी जहाज लुटलं, बाप मारला, मुलगा वाहत किनाऱ्याला लागला. बांदार जमातीनं त्याला जगवलं. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली. इथवर कोणीही ऐकून घेईल. आप्पांचा आवाज जड होतो तो यापुढं. तेव्हापासून आजतागायत प्रत्येक वेताळानं आपल्या कामगिरीची रोजकीर्द स्वतःच्या हातानं लिहून कवटीच्या गुहेत ठेवली आहे. "एकवीस पिढ्या! चारशे वर्षं! एक पान गहाळ नाही!" चारशे वर्षं सोडा, मागच्या चार वर्षांचं दप्तर मागितल्यावर वाळवीनं खाल्लेली थैली पुढं करणारी माणसं ज्यानं जन्मभर पाहिली, त्याचे डोळे इथं पाणावले तर नवल नाही.

शिवाय अंगठ्या. उजव्या हातातली कवटीची, ठोसा बसला की गुन्हेगाराच्या जबड्यावर कायमची खूण. डाव्या हातातली शुभचिन्हाची, ती ज्याला मिळाली त्याच्या केसाला जंगलात धक्का लागत नाही. "उजवा हात आक्षेप, डावा हात ना-हरकत दाखला," आप्पा म्हणतात. "याहून सुटसुटीत कारभार सांगा."

पण दादासाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. गेल्या वर्षी एका रविवारी पोहे संपवून त्यांनी रुमालानं मिशी टिपली आणि शांतपणे विचारलं, "आप्पा, तुमच्या वेताळाची नेमणूक कशी झाली?"

"म्हणजे?"

"बाप मेला, मुलगा लागला. तो मेला, त्याचा मुलगा लागला. ना जाहिरात, ना परीक्षा, ना मुलाखत. सलग वीस नेमणुका अनुकंपा तत्त्वावर! आमचा मँड्रेक शिकलेला आहे. हिमालयातल्या जादूच्या विद्यालयात राहून, रीतसर."

आप्पांच्या हातातला चमचा बशीत पडला. अनुकंपा हा शब्द त्यांना फार लागला. ते आठवडाभर कोणाशी नीट बोलले नाहीत, असं आत्या सांगते. पुढच्या रविवारी मात्र दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसले होते. दादासाहेबांनी चप्पल काढली न काढली तोच त्यांनी तोफ डागली. "त्या विद्यालयाचे प्राचार्य कोण?"

"थेरॉन."

"थेरॉन मँड्रेकचेच वडील ना?"

दादासाहेबांनी चप्पल परत पायात घातली.

सेवाज्येष्ठतेच्या मुद्द्यावर आप्पा जरा अडचणीत येतात. यादी तारखेवार आहे: मँड्रेक जून १९३४, वेताळ १९३६, सुपरमॅन १९३८, बॅटमॅन १९३९. म्हणजे मँड्रेक दोन वर्षांनी सीनियर. आप्पा त्यावर वेताळाचा सेवाप्रवेश १५३६ पासून धरावा असं म्हणतात. दादासाहेब म्हणतात, मग निवृत्तीचं वय काय धरायचं ते सांगा. मात्र सुपरमॅन आणि बॅटमॅन या दोघांच्या मागून आले, याबद्दल साडूंचं एकमत आहे. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा ही चाल वेताळानं पाडली, बाकीच्यांनी उचलली, हे दादासाहेबसुद्धा खाजगीत कबूल करतात. चारचौघांत मात्र ते लगेच पुस्ती जोडतात, "पण ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी! आप्पा, जगाच्या राखणदारानं नाडीची चड्डी वरून घालावी?"

आप्पांकडं याला उत्तर नाही. ते स्वतः तीच वापरतात, फक्त आतून.

पोशाखाच्या जांभळ्या रंगावर मात्र दादासाहेबांनी एकदा चक्क वेताळाची बाजू घेतली. हिरव्या जंगलात जांभळा माणूस लपणार कसा, असं माझ्या चुलतभावानं विचारलं होतं. दादासाहेब म्हणाले, "त्यात त्याचा दोष नाही. लेखकाच्या मनात करडा रंग होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं निघाली तेव्हा छापणाऱ्यांनी जांभळा मारला. आम्हालाही मंडळं सांगतात क्रीम आणि रंगारी मारतो पिवळा." आप्पांनी चष्म्यावरून त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मुद्दा वहीत लिहिला नाही, पण त्या दिवशी दुसरा चहा आला.

असे प्रसंग कमी असतात आणि दोघंही ते लपवतात. एका वर्षी दादासाहेबांना एका मंडळाची सुपारी मिळाली. देखावा, कवटीची गुहा. त्यांनी बांबूचा सांगाडा उभा केला, वर पोतं आणि प्लास्टर चढवलं, डोळ्यांच्या खोबणीत लाल झिरोचे बल्ब डिमरवर टाकले. दात एकेक करून कानशीनं घासले. आप्पा रोज संध्याकाळी तिथून "सहज" जायचे. चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना कवट्या हव्यात. तुमच्या एकाच बाजूला आहेत." दादासाहेब शिडीवरून म्हणाले, "बजेट नाही." रात्री अकराला आप्पा परत आले आणि पाकीट देऊन गेले. आतली रक्कम दोन्ही घरांत कोणालाच ठाऊक नाही. पाकिटावर मात्र लिहिलं होतं: "कवटी, नग १. पावती द्यावी."

पावती मिळाली. आप्पांनी ती जपून ठेवली आहे.

या वादात आजवर बाहेरच्या माणसाला शिरता आलेलं नाही. माझी मुलगी पुण्याला कॉलेजात शिकते. तिनं मागच्या दिवाळीत दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आजोबा, आफ्रिकेतल्या जंगलाचा राखणदार चारशे वर्षं गोराच कसा? तिथल्या कोणाला जमलं नसतं? आणि लोथार जर राजा आहे, तर तो या माणसाच्या बॅगा का उचलतो?"

व्हरांड्यात शांतता पसरली. दादासाहेब चाचरत म्हणाले की लोथारनं राज्य सोडलं ते मैत्रीखातर, आणि पुढं पुढं तो बिबट्याच्या कातड्याऐवजी नीट कपडे घालून नीट भाषा बोलायला लागला. आप्पा म्हणाले, मुळात ते जंगल आशियात होतं, आफ्रिकेत नंतर गेलं. मुलगी म्हणाली, "मग आशियातसुद्धा गोराच?" आप्पांनी वही उघडली आणि लिहिलं: "परिच्छेद ४१. उभय इसमांबाबत. आक्षेप गंभीर. अनुपालन प्रलंबित." अधिकारी म्हणून आप्पा किती सचोटीचे असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

मुलीनं मग फोनवर काहीतरी शोधलं आणि विजयी मुद्रेनं सांगितलं, "तुम्ही भांडताय कशाला? दोघांनाही एकाच माणसानं जन्म दिलाय. ली फॉक. १९९९ साली वारला तोवर दोघांच्याही गोष्टी तोच लिहीत होता."

मला वाटलं, संपलं. सत्तेचाळीस वर्षांचा वाद एका वाक्यात निकालात निघाला.

"माहीत आहे," आप्पा म्हणाले. "म्हणून काय झालं? एका बँकेच्या दोन शाखा असतात. एकीत अफरातफर झाली तर दुसरीचा मॅनेजर जबाबदार का?"

"एकाच सासऱ्याचे दोन जावई," दादासाहेब मिशीवर बोट फिरवत म्हणाले. "म्हणून काय दोघं सारखे?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली थोरली आत्या हसली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "कळलं का तुला, काय चाललंय ते? हे सरकारी नोकर, पगार बेताचा, पण दिवा न विझणारा. ते धंदेवाले, एका गणपतीत श्रीमंत, पुढच्यात कर्जात. लग्नापासून सगळं नातं दोघांना शेजारी उभं करून मोजतंय. थोरला बरा की धाकटा बरा. असं तोंडावर कोणाला बोलता येतं का? मग त्या जांभळ्याला आणि त्या टोपीवाल्याला पुढं करतात. आणि निकाल हवा होता तो एका माणसाचा. तो काही बोलला नाही."

यंदा उन्हाळ्यात गावच्या घराची कौलं उतरवायची होती. माळा रिकामा करायला दोन्ही जावई हौसेनं आले. माळ्यावर अण्णांची लोखंडी ट्रंक निघाली. वर शाळेच्या जुन्या हजेऱ्या, खाली खाकी कव्हर घातलेला, सुतळीनं बांधलेला गठ्ठा. प्रत्येक कव्हरावर अण्णांच्या वळणदार अक्षरात क्रमांक. आप्पांनी वरचं कव्हर उलगडलं. इंद्रजाल कॉमिक्स. दादासाहेबांनी मान पुढं केली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मला शपथेवर सांगता येईल, दोघंही त्या क्षणी पंचविशीचे होते.

आतला अंक बहादूरचा होता. दुसरा, तिसरा, सगळे एकोणीस अंक बहादूरचे.

बहादूर आपला, इथला. आबिद सुरती यांनी १९७६ साली उभा केलेला. बाप डाकू, पोलिसाच्या गोळीनं मेलेला. त्याच पोलिसानं पोराला वाढवलं, आणि तो मोठा होऊन गावोगावच्या लोकांना जमवून डाकूंसमोर उभा राहिला. ना गुहा, ना झूल. वीस वर्षं वर्तमानपत्राआड बसून हेडमास्तर "दोघंही आपापल्या जागी ठीक" म्हणत होते, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत हा तिसराच इसम खाकी कव्हरात नीट घडी घालून ठेवलेला होता.

बराच वेळ कोणी बोललं नाही. उघड्या वाशांमधून ऊन खाली उतरत होतं. आप्पा जमिनीवर मांडी घालून बसले, चष्मा पुसला आणि पहिला अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढला. दादासाहेब त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. पान उलटायच्या आधी आप्पा थांबायचे, मागून "हं" आलं की उलटायचे.

मग आप्पांनी पिशवीतून ती पुठ्ठ्याची वही काढली. नवीन पान. मथळा: बहादूर.

"परिच्छेद एक," ते पुटपुटले. "मुखवटा नाही. सदर इसमाची ओळख व राहता पत्ता सर्वांस ठाऊक. सुरक्षेबाबत हलगर्जी."

"आणि भगव्या कुडत्यावर जीन्स?" दादासाहेब म्हणाले. "रंगसंगतीचा पत्ता नाही. लिहा."

आप्पांचं पेन थबकलं. चष्म्यावरून त्यांनी साडूंकडं पाहिलं, आणि मग शेऱ्याच्या रकान्यात, त्या वहीत कधी न उमटलेला शब्द सावकाश लिहिला: "मान्य."

खालून दोन्ही आत्या चहाला हाका मारत होत्या.

"थांबा गं," दोघंही एकदमच ओरडले, "ऑडिट चालू आहे!"